निर्गुडीच्या पाल्याने सूज उतरते का? पहिल्यांदाच तपासणाऱ्यांसाठी

पाय मुरगळला, गुडघा सुजला की निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधायचा, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर ती आपोआप वाढते. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणालाही लावतात. दरवर्षी ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेचे किंवा शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचे विषय ठरायला लागले की आमच्या प्रयोगशाळेत कुणी ना कुणी पिशवीभर निर्गुडी घेऊन येतंच. “मॅडम, हिने सूज उतरते हे सिद्ध करायचंय.”

त्या वाक्यातला ‘सिद्ध’ हा शब्द मी आधी बदलून घेते. आपण तपासायला बसलोय. उत्तर ‘नाही’ आलं तरी ते वहीत तितक्याच स्वच्छ अक्षरात उतरलं पाहिजे. मग दुसरा प्रश्न विचारते: गरम पाल्याने गुडघ्याला आराम पडला, तो नेमका कशाने? तव्याच्या उबेने, फडक्याच्या आवळून बांधण्याने की पानातल्या कशाने? परीक्षानळीत आपण फक्त शेवटच्या गोष्टीला हात घालणार आहोत, तोही एका कोपऱ्याला. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न इतका बारीक करून लिहायचा: निर्गुडीच्या पानांच्या अर्कामुळे, उष्णतेने होणारं अंड्याच्या प्रथिनांचं गोठणं कमी होतं का आणि किती तीव्रतेला? एवढ्याचं उत्तर पदवीच्या प्रयोगशाळेत, महिनाभरात, प्रामाणिकपणे मिळू शकतं.

झाड तेच आहे ना

निर्गुडीचं शास्त्रीय नाव व्हायटेक्स निगुंडो. जुन्या पुस्तकांत ती व्हर्बिनेसी कुळात सापडेल, आता तिला तुळशीच्या, म्हणजे लॅमिएसी कुळात धरतात. कोवळी फांदी बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागेल. पान तीन किंवा पाच पर्णिकांचं, मधली पर्णिका सगळ्यांत लांब आणि तिला स्वतःचा छोटा देठ. पान उलटं केलं की खालची बाजू पांढुरकी, बारीक लव असलेली. चुरगळलं की उग्र वास येतो आणि तो बोटांवरून लवकर जात नाही.

किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी जास्त जपायचं. तिथे व्हायटेक्स ट्रायफोलिया ही तिची बहीण वाढते, तिलाही लोक निर्गुडीच म्हणतात. तिच्या पर्णिकांना देठ नसतो. ती वाईट आहे असं नाही, पण एका झाडाचा पाला घेऊन दुसऱ्याचं नाव लिहिलं तर पुढचं सगळं काम वाया जातं.

त्यामुळे पाला तोडण्याआधी, शक्यतो फुलोऱ्यासह, एक फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा. सोबत ठिकाण, तारीख, तोडणाऱ्याचं नाव आणि फुलांचा रंग लिहा. वाळल्यावर रंग उडतो, म्हणून तो त्याच दिवशी टिपायचा. हा नमुना ओळखीसाठी द्यायचा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती नमुन्यांचा संग्रह, आहे. तिथून मिळणारा नमुना क्रमांक तुमच्या अहवालात सगळ्यांत वर लागतो. आपल्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना आधी दाखवून घ्या, पण क्रमांक टाळू नका.

तोडणं आणि वाळवणं

कोवळे शेंडे नकोत, जून पानं घ्या. २००३ साली श्रीलंकेतल्या संशोधकांनी जून, ताज्या पानांचा पाण्यातला अर्क प्रयोगशाळेतल्या उंदरांना पोटातून देऊन सूज आणि वेदना कमी झाल्याचं नोंदवलं होतं. तुमच्या आकड्यांना कशाच्या शेजारी ठेवून बघायचं असेल तर पाल्याचं वयही जुळलेलं बरं. रस्त्याकडेची धुळीने माखलेली झाडं सोडा, फवारणी होणाऱ्या शेताचा बांधही सोडा. एकाच झाडाला ओरबाडण्यापेक्षा पाच-सहा झाडांवरून थोडा थोडा पाला घ्या.

घरी आणून नळाखाली धुवा, पाणी निथळू द्या आणि सावलीत पंख्याखाली पातळ पसरा. ढीग केला की आतला पाला काळा पडतो, मग बुरशी येते. उन्हात वाळवू नका. ओव्हन असेल तर ४० अंशांच्या वर जाऊ नका, कारण निर्गुडीच्या वासात जे आहे ते उडून जाणारं तेल आहे. सावलीतही त्यातलं थोडं जातंच. पान वाकवल्यावर मोडलं पाहिजे, दुमडलं नाही पाहिजे. मग मिक्सरमधून थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं. चाळून काचेच्या बरणीत भरा आणि चिठ्ठी लावा. ओला आणि वाळलेला, दोन्ही वजनं वहीत हवीत.

अर्क: दोन करा

एक पाण्यातला, कारण घरोघरी काढाच होतो. दुसरा ७० टक्के अल्कोहोलमधला, कारण पाण्यात न उतरणारी बरीच द्रव्यं त्यात उतरतात. निर्गुडीच्या पानांत फ्लॅव्होनॉइड्स आहेत, त्यांतलं कॅस्टिसिन बरंच अभ्यासलं गेलंय. शिवाय अॅग्नुसाइड आणि निगुंडोसाइड ही इरिडॉइड ग्लायकोसाइड्स आहेत.

पाण्यासाठी: २० ग्रॅम पूड, २०० मिली ऊर्ध्वपातित पाणी, मंद आचेवर अर्धा तास, मग मलमलीतून आणि नंतर फिल्टर पेपरमधून गाळा. अल्कोहोलसाठी: तेवढीच पूड, तेवढंच द्रावण, बुचाच्या बाटलीत दोन दिवस, मधूनमधून हलवत. गाळलेलं द्रावण रोटरी इव्हॅपोरेटरवर किंवा वॉटर बाथवर आटवा. अल्कोहोल उघड्या ज्योतीवर आटवायचं नाही, कितीही घाई असली तरी. इथेनॉलला परवाना लागतो म्हणून अनेक ठिकाणी मिथेनॉल वापरतात. ते विषारी आहे, वाफ हुंगू नका आणि वजन दोनदा सारखं येईपर्यंत आटवा.

तळाशी चिकट, गडद हिरवा लगदा राहतो. रिकाम्या बशीचं वजन आधी केलंय ना? २० ग्रॅम पुडीतून २.४ ग्रॅम लगदा मिळाला तर उतारा १२ टक्के. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण शेवटी ‘इतके मायक्रोग्रॅम अर्क म्हणजे किती पाला’ हे त्याच्याशिवाय सांगता येत नाही.

अंड्याची चाचणी

१९६८ मध्ये मिझुशिमा आणि कोबायाशी या जपानी संशोधकांनी सूज उतरवणारी औषधं आणि रक्तातली प्रथिनं यांच्या परस्परसंबंधावर काम केलं. प्रथिनांची घडी विस्कटणं औषध थोपवतं का, हे बघण्याची पद्धत त्या वाटेने रुजली. त्याचीच स्वस्त आवृत्ती म्हणजे कोंबडीच्या अंड्याचा पांढरा भाग. तापवला की गढूळ होतो. अर्काने तो गढूळपणा कमी झाला तर अर्क प्रथिनाला सावरतोय असं मानायचं. एवढंच तिचं तत्त्व, आणि तिची मर्यादाही यातच आहे.

छापील कृती अशी असते: ०.२ मिली पांढरा, २.८ मिली फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ६.४, आणि २ मिली अर्क. एकूण ५ मिली. ३७ अंशांना १५ मिनिटं, मग ७० अंशांना ५ मिनिटं, गार करून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६६० नॅनोमीटरच्या प्रकाशात गढूळपणाचं वाचन.

करायला बसलात की पहिल्याच नळीला अडाल. पांढरा भाग पिपेटमध्ये नीट चढत नाही, चढला तर तार धरून खाली लोंबतो, आणि ०.२ मिली म्हणून एका नळीत ०.१ पडतो, दुसरीत ०.३. मी असं करते: ताज्या अंड्याचा पांढरा छोट्या चंचुपात्रात घेऊन कात्रीने हळूहळू कापते. घुसळायचा नाही, फेस झाला की प्रथिनं तिथेच बिघडायला लागतात. मग १० मिली पांढऱ्यात ९० मिली बफर घालून हलक्या हाताने ढवळते आणि दुहेरी मलमलीतून गाळते. वर पांढऱ्या दोऱ्या अडकतात, त्या टाकून द्यायच्या. या पातळ द्रावणाचे २ मिली घेतले की त्यात ०.२ मिली पांढरा आणि १.८ मिली बफर आला. वर १ मिली बफर, २ मिली अर्क. बेरीज तीच आणि सगळ्या नळ्या सारख्या.

तापमानाकडे लक्ष द्या. पांढऱ्यात एकच प्रथिन नसतं. ओव्होट्रान्सफेरिन साठीच्या पुढे लगेच गोठायला लागतं, ओव्हाल्ब्युमिन ऐंशीच्या आसपास. आपले ७० अंश या दोघांच्या मध्ये आहेत, त्यामुळे दोन-तीन अंशांनी वाचन सरकतं. वॉटर बाथच्या काट्यावर विसंबू नका. एका जादा नळीत ५ मिली पाणी आणि थर्मामीटर ठेवून ती इतरांबरोबर बुडवा. सगळ्या नळ्या एकाच वेळी आत, एकाच वेळी बाहेर, लगेच गार पाण्यात. वाचनापूर्वी प्रत्येक नळी एकदा सावकाश उलटी करायची, नाहीतर साका तळाला बसतो.

तीव्रतेत बहुतेक नवखे चुकतात. २ मिली अर्क ५ मिलीत गेला की तो अडीच पट पातळ झाला. बाटलीवर १००० मायक्रोग्रॅम प्रति मिली लिहिलंय, पण नळीत ४०० आहेत. अहवालात नळीतला आकडा द्यायचा. नळीत १००, २००, ४००, ६०० आणि ८०० हवे असतील तर बाटल्या २५०, ५००, १०००, १५०० आणि २००० च्या बनवा.

तुलनेला डायक्लोफेनॅक सोडियम, हे सूज-वेदनेवरचं नेहमीचं औषध. शुद्ध पूड घ्या. गोळी कुटून घेतली तर तिच्यातलं भराव्याचं द्रव्य आणि वरचं आवरणही नळीत येतं. आम्लात डायक्लोफेनॅक पांढरं होऊन वेगळं पडतं, म्हणून बफरचा पीएच मीटरवर बघूनच पुढे जा. तयार मिळणाऱ्या बफरच्या गोळ्या बहुधा ७.४ च्या असतात. अर्कही थोडा आम्लधर्मी असतो. अर्क घातल्यावर पीएच पुन्हा मोजा, कारण पीएच हलला की गोठणं आपोआप बदलतं आणि श्रेय निर्गुडीला जातं. उरलेलं डायक्लोफेनॅक बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवा. हेच औषध दिलेल्या जनावरांची मढी खाऊन आपली गिधाडं संपत आली, आणि २००६ मध्ये भारतात त्याचा पशुवैद्यकीय वापर बंद करावा लागला.

हिरव्या रंगाचं काय

या भागासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

मी पहिल्यांदा ही चाचणी केली तेव्हा अल्कोहोलमधल्या अर्काचं वाचन तीव्रतेबरोबर चढत गेलं. जितका जास्त अर्क, तितका जास्त गढूळपणा. दोन आठवडे मी समजून चालले होते की हा अर्क प्रथिनं बिघडवतो. आमच्याकडे वर्षानुवर्षं काम केलेले एक प्रयोगशाळा परिचर होते. त्यांनी एक नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, “बाई, यात अंडं नसतं तर ही किती दिसली असती?” मी अंड्याशिवाय नळी लावली. पाण्यासारखी नितळ, पण पोपटी. आणि वाचन होतं!

हरितद्रव्य ‘अ’ लाल प्रकाश शोषतं, आणि त्याचं शिखर ६६३ नॅनोमीटरच्या आसपास येतं. आपली चाचणी वाचायची ६६० ला. म्हणजे हिरव्या पानांच्या अल्कोहोल अर्कासाठी याहून गैरसोयीची जागा शोधून सापडणार नाही. पाण्यातल्या अर्कात हरितद्रव्य फारसं उतरत नाही, त्यामुळे तिथे त्रास कमी.

म्हणून प्रत्येक तीव्रतेला चार प्रकारच्या नळ्या लावायच्या, आणि त्या लावल्याशिवाय वाचन घ्यायचं नाही. पहिली नियंत्रण नळी: अंडं, बफर आणि अर्काऐवजी नुसतं द्रावक, तापवलेली. दुसरी चाचणीची. तिसरी रंगाची: अर्क आणि बफर, अंडं नाही, पण तापवलेली. चौथी अंडं आणि अर्क एकत्र, पण न तापवलेली. ही चौथी लोक सर्रास वगळतात. पानांतले टॅनिन प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करतात. ही नळी तापवण्याआधीच गढूळ झाली तर तुमचा अर्क प्रथिन सावरतोय की ओढून खाली पाडतोय, हे या चाचणीने कळणार नाही. तसं सरळ लिहा.

लगदा पाण्यात विरघळत नसेल तर थोड्या डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवा, पण ते सगळ्या नळ्यांत, नियंत्रण नळीतसुद्धा, सारखंच असलं पाहिजे. न विरघळलेले कणही गढूळपणाच दाखवतात, म्हणून अर्क वापरण्याआधी सेंट्रिफ्यूज करून वरचा नितळ भाग घ्या.

उदाहरणादाखल आकडे धरू. नियंत्रण नळी ०.८०, चाचणीची ०.५६, रंगाची ०.१२. खरा गढूळपणा ०.५६ वजा ०.१२, म्हणजे ०.४४. रोध, म्हणजे गोठणं किती रोखलं गेलं = (०.८० – ०.४४) ÷ ०.८० × १००, म्हणजे ४५ टक्के. रंगाची नळी लावली नसती तर तुम्ही ३० टक्के लिहिले असते. सूत्राबद्दल सावध राहा: काही ठिकाणी चाचणी भागिले नियंत्रण, वजा एक, असं छापलेलं असतं. गढूळपणा घटला की त्यातून उणे उत्तर येतं, आणि मग विद्यार्थी गुपचूप उणे चिन्ह पुसतात. पुसू नका, सूत्र बदला.

तीन वेळा म्हणजे काय

एकाच बाटलीतून तीन नळ्या भरल्या तर तुमचा हात किती स्थिर आहे एवढंच कळतं. पाला वेगळ्या दिवशी तोडून, वेगळा अर्क काढून, वेगळ्या अंड्यावर तोच प्रयोग करा. अशा तीन फेऱ्या झाल्या की निर्गुडीबद्दल काहीतरी कळायला लागतं. वेळ नसेल तर दोन फेऱ्या करा, पण ‘दोन’ असं लिहा. पन्नास टक्के रोधाची तीव्रता आलेखावरून काढायची, तीही आलेख पन्नास ओलांडत असेल तरच. ८०० ला ४५ टक्क्यांवर थांबला असेल तर रेघ पुढे ओढून आकडा बनवायचा नाही.

दुसरी साक्ष: लाल रक्तपेशी

एका चाचणीवर विसंबू नये म्हणून हिची जोड देतात. तर्क असा: सुजेत पेशींतल्या लायसोसोमची (पाचक द्रव्यांच्या पिशव्यांची) आवरणं फुटतात, लाल पेशीचं आवरण त्यासारखंच मानून, अर्क त्याला फुटण्यापासून वाचवतो का ते बघायचं. मानवी रक्त घ्यायचं असेल तर नीतिमत्ता समितीची परवानगी, दात्याची लेखी संमती आणि सुई टोचायला प्रशिक्षित माणूस हवा. वर्गमित्राने हात पुढे केला म्हणून टोचायचं नाही. दात्याने आधीचे दोन आठवडे सूज-वेदनेची गोळी घेतलेली नसावी.

पेशी सलाइनने तीनदा धुवा, वरचं पाणी रंगहीन होईपर्यंत. त्यांचं १० टक्क्यांचं मिश्रण करा. ०.३६ टक्के मिठाच्या पातळ पाण्यात त्या फुगून फुटतात. अर्कासह आणि अर्काशिवाय ३७ अंशांना अर्धा तास ठेवून, सेंट्रिफ्यूज करून वरच्या लाल पाण्याचं वाचन ५६० नॅनोमीटरला घ्या. आधी अर्क नुसत्या पाण्यात जोरात हलवून बघा. फेस टिकला तर त्यात सॅपोनिन्स असण्याचा संभव आहे, आणि ती स्वतःच पेशी फोडतात. म्हणून साध्या सलाइनमधल्या पेशींवर अर्क घालून एक वेगळी नळी लावायचीच. काम झाल्यावर सगळं रक्त सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवून मगच टाकायचं.

याच्या पुढची पायरी

इथून पुढे काम पेशींवर जातं. उंदराच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या, पेशींची आरएडब्ल्यू २६४.७ ही वाण पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून मिळते. तिला जिवाणूच्या आवरणातलं द्रव्य देऊन चेतवतात आणि चेतलेल्या पेशींमुळे द्रावणात साठणारं नायट्राइट ग्रीस अभिकर्मकाने मोजतात. तिथेही तोच प्रश्न वेगळ्या वेषात येतो: नायट्राइट घटलं ते दाह शमला म्हणून की पेशीच मेल्या म्हणून? जिवंत पेशींची मोजणी शेजारी नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

उंदराच्या पंजात कॅराजीनन टोचून सूज मोजण्याची पद्धत १९६२ पासून रूढ आहे. ती नवख्यांसाठी नाही. नोंदणीकृत प्राणिगृह आणि संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी नसेल तर तो विषय काढूही नका. आणि स्वतःवर, आजीवर, शेजाऱ्यांवर अर्क ‘करून बघणं’ ही चाचणी नव्हे. मिथेनॉलमधून काढलेला लगदा औषध म्हणून कुणाच्या हातात द्यायचा नाही.

लिहिताना

‘निर्गुडीमुळे सूज बरी होते’ असं तुमच्या आकड्यांवरून लिहिता येत नाही. असं लिहा: निर्गुडीच्या जून पानांच्या ७० टक्के अल्कोहोलमधल्या अर्काने, नळीतल्या अमुक मायक्रोग्रॅम प्रति मिलीला, अंड्याच्या प्रथिनांचं उष्णतेने गोठणं अमुक टक्के कमी केलं, त्याच तीव्रतेला डायक्लोफेनॅकने अमुक टक्के. त्याखाली रंगाच्या आणि न तापवलेल्या नळ्यांचे आकडे.

पाल्याचा उपयोग गावातल्या कुणी सांगितला असेल तर त्यांना विचारून तशी नोंद करा. हळदीने जखम भरते यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं, ते हा उपयोग आपल्याकडे आधीपासून लिहिलेला होता हे दाखवता आलं म्हणून. कामातून पुढे विकण्याजोगं काही निघेल असं वाटलं तर जैविक विविधता कायदा लागू होतो. नागपूरच्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे आधी विचारणा करा.

उरलेली पूड फेकू नका. ५० ग्रॅम तरी घट्ट झाकणाच्या गडद बाटलीत, आत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, आणि चिठ्ठीवर तोडल्याची तारीख, ठिकाण आणि हर्बेरियम क्रमांक पेन्सिलने लिहा. अल्कोहोलचा थेंब पडला की शाई पसरते.